नदीकाठच्या लोकांस कळविण्याबाबत

माणसाला एखादी गोष्ट सांगणं हे वरवर सोपं दिसणारं, पण अत्यंत जोखमीचं काम आहे. अडाणी माणूस तोंड उघडतो आणि सांगून मोकळा होतो. सुशिक्षित संस्था आधी आराखडा करते.

किरगिझ डोंगरातल्या एका नव्या धरणाच्या कार्यालयात हा आराखडा तेमिरकानकडे होता. चाचणीसाठी चौदा मे रोजी पाणी सोडायचं होतं. खाली नदीकाठच्या कुरणात एकोणीस यूर्त, म्हणजे मेंढपाळांचे लोकरी तंबू, होते (मेंढ्या विण्याचे दिवस, वरचं बर्फ वितळेपर्यंत कळप तिथेच). त्यातला एक तेमिरकानच्या आईचा, बुरमाखानचा. निरोप एवढाच होता: चौदा तारखेआधी कळप वर न्या. शब्द पाच. आराखडा एकशेबारा पानांचा.

पहिले तीन आठवडे हितसंबंधी कोण हे ठरवण्यात गेले. मंत्रालय, बँक, सल्लागार, सल्लागारांचे सल्लागार, वार्ताहर आणि ट्राउट मासा मिळून अडतीस प्रकार निघाले. त्यांना चार चौकटींत बसवलं. काठावरची माणसं 'आस्था भरपूर, वजन शून्य' या चौकटीत पडली. त्यांच्यासाठी त्रैमासिक वार्तापत्र (पुढचा अंक जूनमध्ये). 'पूर' हा शब्द घबराट पसरवतो म्हणून 'पातळीतील अनुकूल बदल' असा शब्द मंजूर झाला. माहितीबाबत समाधानी असणाऱ्यांचं प्रमाण त्र्याण्णव टक्के भरलं (पाहणी कार्यालयातच झाली, उरलेले सात टक्के रजेवर होते).

तेमिरकान अगदीच दगड नव्हता. आईची आठवण येऊन त्याला घास जाईना. तो साहेबांकडे, शारशेनबेककडे गेला.

"बाइके, काठावर आधी सांगून टाकू या. मी आत्ता जीप घेऊन जातो."

"तू?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काल मिसरूड फुटलेला पोरगा म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाईट बातमी तोंडावर सांगणार? तुझ्या घरी हेच शिकवलं का?"

यात तथ्य होतं. तिकडे वाईट बातमी पांढऱ्या दाढीच्या माणसांनी, म्हणजे अक्साकलांनी, सांगायची, तीही बसून, जेवून, हळूच. परदेशी सल्लागाराला ही चाल इतकी आवडली की त्याने तिचं परिशिष्टच केलं. तीन अक्साकल नेमले. अक्साकलांनी रीतीप्रमाणे मेंढा मागितला. मेंढ्यासाठी निविदा काढली. निविदा उघडायची तारीख आली वीस मे.

बारा तारखेला आईचाच फोन आला.

"बालम, पोरा, वर तुमच्याकडे काय चाललंय? शेजारचा म्हणतो, धरणात पाणी काठोकाठ आलंय."

पाच शब्द तेमिरकानच्या ओठांवर आले. पण अनधिकृत संवादास मनाई करणारं कलम त्याने स्वतःच लिहिलं होतं, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

"आपा, सगळं आराखड्याप्रमाणे चाललंय."

"तुझ्या आराखड्याला पोहता येतं का? सरळ सांग, हलू की नको? कोकरं चार दिवसांची आहेत. उगाच हलवली तर मरतील."

"तुम्हाला रीतसर कळवलं जाईल."

"बरं," ती म्हणाली. "तू तिथे आहेस म्हणून मला घोर नाही."

चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता अनुकूल बदल आला. माणसं टेकाडावर चढली म्हणून वाचली. बुरमाखानच्या चौसष्ट मेंढ्या, यच्चयावत कोकरं आणि यूर्त गेला. ती आता मुलाच्या घरी राहते. त्याने वाढलेलं खाते, त्याच्याशी बोलत नाही. जूनमध्ये वार्तापत्र वेळेवर निघालं, सोबत अभिप्रायाचा कागद. 'बदलाची माहिती मिळाली का?' या प्रश्नापुढे तिने सुनेकडून लिहवून घेतलं: मिळाली, पाण्याकडून. तेमिरकानने ते वाचलं आणि 'मिळाली' खाली एक खूण वाढवली.

आराखड्याला पारितोषिक मिळालं असून तो आता देशोदेशी वापरतात. वाचकहो, तुम्ही हसलात, आम्हाला आनंद आहे. मागे तुमच्या भागातल्या सभेत तुम्ही चहा-बिस्किट घेऊन एका कागदावर सही केली होती. ते हजेरीपत्रक नव्हतं. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आम्हांस सर्व कळविण्यात आले असून आमची काही हरकत नाही.