सहा चादरींचा एक शब्द

माझी शिवण आजवर कधी फाटलेली नाही! शाळा मी बाराव्या वर्षीच सोडली, ते खरं. पण शिडं शिवणाऱ्या बापाची मुलगी आहे मी. माझ्या टाक्यापुढे वादळानं हात टेकलेत!

त्यामुळे माझा नवरा हिल्के हा कालव्यावरच्या उघडणाऱ्या पुलाच्या नोकरीतून निवृत्त व्हायचा ठरला, तेव्हा निरोपाचा कापडी फलक मीच करणार, हे मी सगळ्यांना सांगून टाकलं. एक्केचाळीस वर्षं त्यानं हा पूल वर उचलला, खाली टेकवला. ना एक अपघात, ना एक होडी खोळंबली. शेवटचा दिवस तसाच पार पडला, की त्याचे साहेब समारंभात मानपत्र देणार होते.

फलकावर शब्द एकच: 'ब्रुगवाख्टर्सआफस्खाइड्सफेस्ट'! म्हणजे पूल राखणाऱ्याचा निरोपसमारंभ. आमच्याकडे शब्दाला शब्द असा जोडत जातात, की मालगाडी लाजावी.

"आई, याचे सहा तुकडे पडतात," माझी मास्तरीण लेक वीत्स्के वर्गात पोरांना शिकवते तशी टाळ्या वाजवत म्हणाली. "ब्रुग, वाख, टर्स, आफ, स्खाइड्स, फेस्ट! सहा वेगळे फलक कर, झालं."

"तुकडे? तुझ्या बापाच्या निरोपाचे तुकडे?" मी कडाडले. "शब्द एक, तर कापडही एक!"

सहा चादरी जोडल्या, दुहेरी शिवण घातली. मेला शब्द पुलापेक्षा लांब निघाला! पाच तुकडे पुलाच्या कठड्यावर मावले, 'फेस्ट' पलीकडच्या काठावर लोंबायला लागलं. तिथं खांब नव्हता. मग ते टोक बांधलं समारंभासाठी काठावर मांडलेल्या कॉफीच्या टेबलाच्या पायाला. पूल उघडतोय कशाला? समारंभ सकाळी साडेदहाचा, त्या वेळी अख्खं गाव कॉफी पितं. तेव्हा कालव्यात बदकसुद्धा फिरकत नाही!

पण शेजारच्या देशातून सुट्टीवर आलेल्या जर्मन माणसाला आमच्या कॉफीचं काय? साडेदहाच्या ठोक्याला त्याची शिडाची होडी हजर! पूल उघडा म्हणून त्यानं भोंगा वाजवला.

"गेझिना, आधी कापड सोड!" हिल्के केबिनमधून ओरडला.

"सोडेपर्यंत होडी खोळंबेल ना! उचल तू. माझी शिवण आहे, फाटायची नाही!"

आणि खरंच सांगते, नाही फाटली! पूल उठला, शब्द उठला आणि पाठोपाठ टेबलही निघालं!

"आई, काप ते कापड!"

"अगं, कात्री टेबलावरच आहे!"

किटली, सफरचंदाचे चार केक, मानपत्र, सगळी वरात कालव्यात! मानपत्र धरायला साहेब झेपावले, तेही वरातीत सामील. जर्मन तेवढा मजेत हात हलवून निघून गेला.

साहेबांना होडी ओढायच्या आकड्याच्या काठीनं बाहेर काढलं. त्यांनी चिंब अंगानं पुलाची नोंदवही मागवली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच अपघाताचं पान उघडलं. हिल्केनं माझ्याकडे पाहिलं, पेन झटकलं आणि लिहायला बसला. मी मान लांब करून वाचलं. आमच्या एवढ्या लांबलचक शब्दांच्या भाषेत, कारणाच्या रकान्यात लिहायला त्याला नेमका एवढाच आखूड शब्द सापडला: 'बायको'.