एका यंत्राची यंत्रे जाहली, त्याची हकीकत

शारदेस नमन, लेखणीस नमन, आणि जे हे वाचावयास बसले त्यांच्या धीरास त्रिवार नमन. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. पुसणाराने पुसिले की, डोंगरपट्ट्यास रोग पाहावयाचे यंत्र एक पावले असता दप्तरी ती अनेक कैशी जाहली, आणि त्या घोळात येसोपंत चिटणीस यांची अवस्था काय जाहली. तर जैसे घडले तैसे, पदरचे काही न घालता, निवेदन करितो.

कोणे एके राज्यात तख्ताच्या मनात आले की, दूरच्या प्रांतांत प्रजा खोकते, कण्हते, आणि आत रोग कोणता हे कळावयास साधन नाही, वैद्य अंदाज बांधितात आणि अंदाज चुकला की माणूस हातचे जाते. सबब मुख्य खजिन्यातून प्रांतोप्रांती रोगनिदानाची यंत्रे द्यावी. ऐसा हुकूम सुटला, आणि डोंगरपट्ट्याच्या वाट्यास छातीचा फोटो काढणारे क्ष-किरणांचे यंत्र एक आले. यंत्रास हार, गाडीस हार, हार उरला तो गाडीवानास, ऐसे वाजतगाजत ते दवाखान्यात उतरले. तेथे चिमाबाई म्हणोन दाक्तरीण होत्या, जिभेने फटकळ, परंतु हातास गुण. त्यांनी यंत्र पाहताच पदर खोचिला आणि म्हणाल्या, "पंत, उद्या सकाळी सगुणाबाईंना घेऊन या. चार महिने खोकताहेत. आत काय आहे ते दिसल्याशिवाय मी औषध तरी कशावर देऊ?" सगुणाबाई म्हणजे पंतांचे कुटुंब. त्यांस संध्याकाळी कणकण येई, चार पावले चालता धाप लागे, आणि दिवसेंदिवस लुगडे अंगावर सैल पडत चालले होते, हे पंतांस दिसत होते आणि रात्री उशास काळजी घेऊनच ते निजत. तरी म्हणाले, "तख्ताची देणगी आहे. आधी पोच लिहावी, मग पोचेची पोच यावी, मग यंत्रास हात लावावा. तीस वर्षे हा क्रम मोडला नाही." चिमाबाई म्हणाल्या, "तो क्रम खोकल्यालाही सांगून ठेवा." परंतु पंत ऐकतात कोठले!

आता पंतांचा लिहिण्याचा रिवाज ऐसा की, हुजुरांकडून जे येईल त्यास आदरार्थी अनेकवचन लावावे. हुजुरांची छत्री एक आली तरी 'छत्र्या पावल्या' लिहावे, घोडा एक आला तरी 'घोडे पावले' लिहावे. राजधानीतील जुने वाचनीस हे जाणत आणि मनातल्या मनात एक समजून घेत. परंतु ते सारे एकामागोमाग निवृत्त जाहले, आणि टपाल वाचणे मोजणीखात्याकडे गेले, हे डोंगरपट्ट्यास कोणी कळविले नाही. पंतांनी टाक बुडवून लिहिले, "यंत्रे सुखरूप पावली. त्यांच्या दर्शने प्रजा संतोष पावली." आणि पोचेची पोच येण्याची वाट पाहात बसले.

तीन आठवडे गेले आणि पोच न येता राजधानीचे सुभानराव हवालदार आले, रिकामी गाडी घेऊन, आणि त्यांजपाशी हुकूम, की "यंत्रे पावल्याचे कळले. किनारपट्टीस एकही नाही. सबब एक ठेवून बाकीची हवालदारांच्या हवाली करणे." पंत म्हणाले, "बाकीची कोणती?" सुभानराव म्हणाले, "ते म्या काय सांगू? तुमीच लिवलंय." आणि मनुष्य प्रामाणिक, म्हणोन त्यांनी दवाखाना सारा धुंडाळिला, कपाटे उघडिली, खाटांखाली वाकून पाहिले, मोरीतही डोकाविले, यंत्र ते एकच. मग दोघे त्यासमोर घोंगडी टाकून बसले. पंत म्हणाले, "एक ठेवावे ऐसा हुकूम. हे एक आहे. ठेवितो." सुभानराव म्हणाले, "बाकीचं न्यावं असाबी हुकूम हाय. ह्याबिगर दुसरं न्हाई, तवा बाकीचं म्हंजे ह्येच." पंत म्हणाले, "मग ठेवावयाचे कोणते?" सुभानराव म्हणाले, "एक." "आणि न्यावयाचे?" "बाकीचं." "आणि हे कोणते?" अखेर सुभानराव उठून म्हणाले, "पंत, रिकामी गाडी घेऊन गेलो तर माझी चाकरी जाईल. न्यायचा हुकूम म्या पाळतो, ठेवायचा तुमी पाळा." आणि मग यंत्र गाडीत चढविले, हुकुमाचा कागद तेवढा पंतांच्या हाती ठेविला, आणि रामराम करून घाट उतरले. चिमाबाई पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे ते इथं होतं, पंत." इतकेच म्हणाल्या आणि आत गेल्या. पंतांस वाटले, शिव्या दिल्या असत्या तर बरे होते.

मग पंतांनी लिहिले की, यंत्र एकच होते. उत्तर आले, "पहिल्या पत्री यंत्रे, दुसऱ्या पत्री यंत्र. मधली कोठे गेली याचा खुलासा करणे." पंतांनी आदरार्थाचा खुलासा चार पाने केला, उत्तर आले, "आदर किती नग, ते लिहावे." पंतांची मती गुंग जाहली. ते रस्त्याने चालता थांबत आणि म्हणत, यंत्र एकच होते ना? दवाखान्याच्या शिपायास पुसत, फुलवाल्यास पुसत की हार किती दिले. आणि फुलवाला म्हणे "तीन," तेव्हा पंतांस घाम फुटे. तितक्यात चिमाबाई म्हणाल्या, "सगुणाबाईंना खाली किनाऱ्यावर तरी न्या." परंतु घाटाची वाट, आणि बाईंस घरचा जिनाही धड चढवेना, तेव्हा न्यावे कैसे? मग पंतांनी तिसरे पत्र लिहिले, "आमचे कुटुंब आजारी आहे, यंत्र आठ दिवस पाठवावे." उत्तर आले, "एका कुटुंबासाठी यंत्र फिरत नाही." हे वाचून पंतांनी हात टेकिले.

दुसरे दिवशी पंत कागद पुढे घेऊन बसले आणि काही सुचेना. सगुणाबाई शाईची दौत घेऊन आल्या. सैपाकघर ते ओटी, अंतर ते किती, परंतु त्या मधे दोनदा भिंतीस टेकल्या, आणि दौत हिंदकळू दिली नाही. म्हणाल्या, "इकडून फार मनाला लावून घेतलं जातंय. मला काही एवढं होत नाही." आणि पदर तोंडाशी धरून खोकल्या. तेव्हा पंतांस उमगले, की तीस वर्षे हिने दौत भरली आणि आपण हुजुरांच्या छत्रीचा मान राखिला, घोड्याचा राखिला, आणि हिला लिहिताना 'आमचे कुटुंब' याउपर शब्द खर्चिला नाही. डोळे भरून आले ते पुसले नाहीत, आणि रिवाज, मायना, सर्व सोडून लिहीत गेले: "बाई फार थकल्या आहेत. जिना चढताना तीन ठिकाणी बसतात. खोकला आम्हांस ऐकू येऊ नये म्हणोन पदर तोंडाशी धरितात. आपल्याला काही होत नाही, ऐसे म्हणतात. त्या गेल्या तर आम्ही काय करावे, हे कळत नाही." खाली सही केली आणि पुन्हा न वाचता रवाना केले.

ते पत्र मोजणीखात्यात वाचिले, आणि तेथे हाहाकार उडाला. बाई थकल्या आहेत, म्हणजे किती? तीन ठिकाणी बसतात, म्हणजे तीन ठाणी जाहली! सर्वच तोंडे झाकून खोकतात, आणि कबूल करीत नाहीत! हा तर साथीचा रोग! लागलीच नकाशा मागविला, तीन ठिकाणी तांबडे टिंब दिले, आणि हुकूम सुटला की, यंत्र तातडीने डोंगरपट्ट्यास न्यावे, आणि सर्व बायांचे फोटो होत तोवर जागचे हलवू नये. आणि आठवे दिवशी सुभानराव तीच गाडी घेऊन घामाघूम घाट चढून आले आणि दारातूनच ओरडले, "बाया कुठं हायती?"

पंत सगुणाबाईंस कोपरास धरून हळूहळू आणीत होते. म्हणाले, "ह्याच त्या."

सुभानरावांनी मागे पाहिले, रस्त्यावर पाहिले. म्हणाले, "ह्या तर एकच हायती."

"एकच," पंत म्हणाले. "पण ह्याच त्या."

या वेळी पंतांनी पोच लिहिली नाही. चिमाबाईंनी सगुणाबाईंस यंत्रापुढे उभे केले, फोटो काढिला, उजेडाशी धरिला. आणि पंत दाराची कडी धरून उभे होते. मग म्हणाल्या, "डाव्या बाजूला पाणी धरलंय. आता काय करायचं ते मला कळतंय. उशीर केलात, पंत, पण हाताबाहेर गेलेलं नाही." आणि पंत तेथेच उकिडवे बसून लहान पोरासारखे रडले, आणि सगुणाबाई ओशाळून म्हणाल्या, "अहो, लोक बघताहेत."

सुभानराव मात्र हुकूम उलटसुलट करून वाचीत होते. म्हणाले, "सर्व बाया झाल्याबिगर हलवायचं न्हाई. बाकीच्या कवा येत्यात?" चिमाबाईंनी पंतांकडे पाहिले, पंतांनी छताकडे पाहिले. "येतील," चिमाबाई म्हणाल्या, "बसा तुम्ही." आणि खरेच वाड्यावस्त्यांवरून बाया येऊ लागल्या, खोकणाऱ्या, दम लागणाऱ्या, कोणी पाठीवर पोर बांधून, कोणी डोलीतून, कारण यंत्र आले हे एव्हाना सर्वांस कळले होते. सुभानराव रोज संध्याकाळी पुसतात, "समद्या झाल्या?" आणि चिमाबाई सांगतात, "अजून नाही."

येणेप्रमाणे डोंगरपट्ट्यात जे घडले ते लिहिले. किनारपट्टीने यंत्र मागितले आहे, त्याजवर राजधानीत विचार चालू आहे. येथे यंत्र राहिले, सुभानराव राहिले, आणि बाई राहिल्या.