निळे मास्तर

गनवाल्याला मुलगी झाली, ही बातमी सूनबाईला सकाळी आठ वाजता फोनवर कळली. तिनं त्याचं तोंडभरून अभिनंदन केलं, दोन दिवस बिनधास्त घरी राहा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर कपाळाला हात लावला. तिच्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये इस्पितळाचे चोवीस वॉकर येऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हाडांचा नवा वॉर्ड उघडायचा होता, म्हणजे संध्याकाळपर्यंत चोवीसही वॉकर निळे व्हायला हवे होते. आणि रंगाची गन चालवणारा तिचा एकुलता एक कामगार बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघत बसला होता.

"मी आहे ना," सासरे म्हणाले.

सासऱ्यांनी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"बाबा, दगदगीचं काम आहे ते."

"कसली दगदग! स्थिर विद्युत ती. केसांवर कंगवा घासायचा आणि कागदाचे कपटे उचलायचे. हजारो पोरांकडून करून घेतलंय मी."

गन आणि भट्टी एकटीनं सांभाळायची म्हणजे नुसती धावाधाव, आणि दुसरा माणूस मिळणं शक्य नव्हतं. नवरा कामावर गेला होता. सूनबाईनं नाइलाजानं मान डोलावली.

शेडमध्ये तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. वॉकर टाक्यांमध्ये बुडवून, तेलकटपणा काढून, धुऊन, वाळवून तयार होते. "आता हे आकड्याला टांगायचे, आकडा वरच्या दांडीला. दांडीची तार जमिनीत गेलीय, म्हणजे वॉकरला अर्थिंग मिळालं, वॉकर अर्थ झाला. गन पावडर हवेनं उडवते आणि उडवता उडवता तिला विजेनं भारते. भारलेली पावडर अर्थ शोधत जाते आणि चिकटते. पण नुसती चिकटते हं, फुंकर मारली तरी उडेल. मग भट्टीत दोनशे डिग्रीला वीस मिनिटं ठेवली, की वितळून धातूशी एकजीव होते."

"म्हणजे अर्थ लागल्याशिवाय काही चिकटत नाही," मास्तर म्हणाले. "वर्गातही माझा हाच अनुभव आहे."

सूनबाई हसली आणि भट्टी तापवायला पलीकडे गेली. तिथेच चूक झाली.

एक तर आकड्यांचे दोन डबे होते. एकात घासून लखलखीत केलेले, दुसऱ्यात घासायला द्यायचे. या दुसऱ्यांवर महिनाभराच्या सगळ्या रंगांची पुटं चढली होती. मास्तरांना ते रंगीत आकडे जास्त कामाचे वाटले. आता रंगाच्या पुटातून वीज जात नाही, त्यामुळे वॉकर टांगलेला दिसत असला तरी अर्थ झालेलाच नव्हता. दुसरं म्हणजे, सूनबाईनं काढून ठेवलेले बूट मास्तरांना दोन नंबर मोठे झाले. म्हणून त्यांनी मास्क लावला, चष्मा चढवला आणि सकाळी धुतलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून गनचा घोडा दाबला.

निळा ढग वॉकरकडे गेला, तिथे जरा घुटमळला आणि परत फिरला. भारलेली पावडर अर्थ शोधत होती आणि सगळ्यात जवळचा अर्थ म्हणजे खुद्द मास्तर होते.

"चिकटत का नाही?" मास्तर पुटपुटले आणि त्यांनी पावडरचं बटण वाढवलं. मग विजेचं वाढवलं. मग दोन्ही. पाचेक मिनिटांत वॉकर होता तसाच राहिला. मास्तर मात्र कपाळापासून पावलांपर्यंत एकसारखे निळे झाले. कुठे ओघळ नाही, कुठे डाग नाही. गनवाल्यालाही इतकं सफाईदार काम कधी जमलं नसतं.

नेमक्या त्याच वेळी काम कुठवर आलंय ते बघायला इस्पितळाच्या मेट्रनबाई आल्या. त्यांची तीस वर्षं वॉर्डात गेलेली. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांना दिसला एक वयस्कर माणूस. कान निळे, कपाळ निळं, नखं निळी, प्राणवायू कमी पडलेल्या पेशंटसारखा.

"अहो, बसा खाली! आधी खाली बसा!" त्या धावल्या.

काम तपासायला आल्या असाव्यात असं मास्तरांना वाटलं. "घाई करू नका बाई," ते म्हणाले. "अजून भट्टीत जायचंय."

"कुणाला?"

पण उत्तराची वाट न बघता मेट्रनबाईंनी त्यांना बाकावर आडवं केलं, मास्क ओढून काढला, आणि थबकल्या. ओठ चांगले लालबुंद होते. असा पेशंट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी एक बोट मास्तरांच्या गालावरून फिरवलं. गालावर गोरी रेघ उमटली आणि बोट निळं झालं.

एवढ्यात सूनबाई पळत आली. "बाबा! अहो, हे काय!"

"पावडर आहे होय," मेट्रनबाई म्हणाल्या. ओशाळून त्या हसल्याही. पण मास्तरांचं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. हळूहळू त्यांचं हसू मावळलं. त्यांनी घड्याळात बघितलं, पुन्हा मोजलं.

"आजोबा, तुम्ही आत्ता घाबरलात ना?"

"चांगलाच."

"घाबरलेल्या माणसाची नाडी पळते. तुमची मिनिटाला अडतीस आहे. जिना चढताना दम लागतो? डोळ्यांपुढे अंधारी येते?"

मास्तरांनी सुनेकडे बघायचं टाळलं. "येते कधीमधी. म्हटलं, वयानं होत असेल."

सूनबाईनं फक्त गनचा प्लग ओढला आणि चपला शोधायला लागली. मेट्रनबाईंनी तिला थांबवलं. "तुमच्या मिस्टरांना इस्पितळात बोलावून घ्या. यांना मी माझ्या गाडीतून नेते, सोबत मी आहे. तुम्ही माझे वॉकर बघा. उद्या पायाला प्लास्टर घातलेले चोवीस जण माझ्याकडे बघत बसतील."

इस्पितळात निळा माणूस आलाय म्हटल्यावर तीन डॉक्टर आपणहून धावत आले. मास्तरांना रांगेत थांबावंच लागलं नाही. हृदयाची वीज मध्येच अडकतेय, असं निदान झालं. आणखी महिनाभर कळलं नसतं तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं.

इकडे सूनबाईनं डोळे पुशीत चांगले आकडे लावले, वॉकर हवेच्या झोतानं साफ केले आणि गन नि भट्टी दोन्ही एकटीनं सांभाळत चोवीसच्या चोवीस निळे करून बाहेर काढले. तेवढ्यात मेट्रनबाईंचा फोन आला. मास्तर ठीक आहेत, दोन दिवसांत पेसमेकर बसवतील. तिनं मेट्रनबाईंचे इतके आभार मानले की त्याच म्हणाल्या, "अहो पुरे! मी तर वॉकर बघायला आले होते."

आठवड्यानं मास्तर घरी आले. सोबत डॉक्टरांचा कागद होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की छातीत पेसमेकर असल्यानं पावडर कोटिंगच्या गनजवळ जन्मात फिरकायचं नाही. सूनबाईनं तो दोनदा वाचला. सुटकेचा निःश्वास आत दाबून ती शक्य तितक्या दुःखी चेहऱ्यानं सासऱ्यांजवळ बसली.

"बाबा, वाईट वाटून घेऊ नका. शेडमध्ये आता तुम्हाला येता येणार नाही."

मास्तरांनी कागद हातात घेतला. खालची सही नीट निरखली.

"देवमाणूस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अगं, त्या गनची मला धास्तीच वाटत होती. पण तू एकटी पडलेलीस, म्हणून म्हटलं, मी आहे ना. आता पुढच्या वेळी काय सांगायचं, याचीच काळजी लागली होती."

सूनबाईला हसावं की रडावं ते कळेना. तिनं त्यांच्या पायांवरची शाल उगीचच सारखी केली. मग दोघांनी एकमेकांकडे न बघता कितीतरी वेळ डॉक्टरांचं मनापासून कौतुक केलं.