चुकामुकीची जागा

सारा जन्म इतरांची पुस्तके मांडण्यात घालवलेल्या ग्रंथपालाने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी स्वतः लिहायला बसावे, हे धार्ष्ट्यच आहे. त्याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. लिहिण्यास कारण आहे. पण ते प्रारंभीच सांगितले तर बिरूअण्णा नीट दिसणार नाहीत, म्हणून शेवटी सांगते.

बिरूअण्णा कोणापासूनही दूर जाताना "येतो" म्हणत नाहीत. ते विचारतात, "चुकामूक झाली तर?"

मला हा प्रश्न प्रथम विचारला गेला तो आमच्या तंत्रनिकेतनाच्या उपाहारगृहात. ते चहा आणायला खिडकीकडे निघाले होते. खिडकी दहा पावलांवर.

"चुकामूक झाली तर, म्याडम?"

"कोणाची?"

"आपली. मी चहा घिऊन आलो आन तुमी नसला, तर?"

"मी इथेच असेन."

"हितं म्हंजे कुठं? खांबाजवळ का नळाजवळ?"

मी खांब म्हटले. चहा आला तेव्हा मी खरोखरच खांबाला टेकून उभी होते. न जाणो.

बिरूअण्णा आटपाडीकडचे. घरचा धंदा मेंढरांचा. दिवाळीनंतर त्यांचे कुटुंब कळप घेऊन घाट उतरून कोकणात जाई आणि पावसाच्या तोंडावर परते. रोज सकाळी तळ हलवण्यापूर्वी त्यांचे वडील सर्वांना दोन जागा सांगत. एक संध्याकाळच्या मुक्कामाची. दुसरी, वाटेत कोणी मागे राहिले, कळप फुटला, तर जमायची. तिचे नाव चुकामुकीची जागा. "आन नुसती जागा सांगून भागत न्हाई," बिरूअण्णा बजावतात, "वेळबी पायजे. न्हाईतर एक सकाळी यून जाईल, दुसरा सांजच्याला."

पुढे ते सैन्याच्या दळणवळण विभागात गेले आणि वीस वर्षे तारा जोडून परतले. तेथे त्यांच्या मताला शिस्तीचे पाठबळ मिळाले. तार तुटली तर बिनतारी. तेही बंद पडले तर माणूस पळवायचा. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे संगणक कक्षात तांत्रिक साहाय्यक म्हणून लागले. हंगामी. आमचे तंत्रनिकेतन कराडपासून थोड्याच अंतरावर उसात उभे आहे.

त्या वर्षी कर्मचाऱ्यांची सहल पाचगणीला गेली. बिरूअण्णांनी गाडीतच प्रत्येकाला चिठ्ठी दिली: "टेबललँड, घोडेवाल्यांच्या पाण्याच्या टाकीजवळ, चार वाजता." प्राचार्यांनी चिठ्ठी घेतली नाही. "मी काय लहान मूल आहे?" असे ते म्हणाले. चार वाजता आम्ही सारे टाकीजवळ होतो. प्राचार्य नव्हते. साडेपाचला ते सापडले, एका घोड्यावर, आणि घोडा त्यांचे ऐकत नव्हता. बिरूअण्णांनी लगाम धरून एवढेच विचारले, "आता चिठ्ठी दिऊ का, साहेब?"

गेल्या वर्षी नवे एकवीस संगणक आले. वीस संगणक कक्षात गेले. एकविसावा माझ्या ग्रंथालयात ठेवला गेला. मला त्याची भीती वाटे. चालू करण्यापूर्वी मी हात पुसत असे. तो जाळ्यात जोडण्यासाठी बिरूअण्णा आले. संगणकांना एकमेकांशी बोलायचे तर प्रत्येकाला आपापला नंबर लागतो, इतके मी ऐकले होते. तो कोण देतो, असे मी भीतभीत विचारले.

"कोपऱ्यातला सर्व्हर हाय न्हवं, त्यो म्होरक्या," ते म्हणाले. "मशीन सुरू झालं की वरडतं, माझा नंबर काय? सर्व्हर सांगतो, तू अमुक. सगळं आपोआप. हितं 'आपोआप'वर टिचकी मारली की आपलं काम संपलं."

आणि मी, कधी नव्हे ते, त्यांच्या आधी विचारले, "चुकामूक झाली तर?"

बिरूअण्णांनी हातातली वायर खाली ठेवली. मग खुर्ची ओढून बसले. "लय भारी सवाल इचारला, म्याडम. सर्व्हरनं ओ दिली न्हाई, तर ह्ये नवं मशीन थोडा टाइम वाट बगतं, आन मग आपल्या आपण एक नंबर घेतं. एकशे एकोणसत्तरनं सुरू व्हणारा. आता गंमत बगा. जी जी मशीनं चुकली, ती समदी त्याच नंबरांच्या माळावर जात्यात. एकमेकांस्नी वळखत्यात. म्हंजे हे बनवणाऱ्यानंबी चुकामुकीची जागा ठरवून ठिवली हाय! त्यो साहेब कुठला का असंना, त्याचा आज्जा मेंढरंच राखत असणार."

फक्त एक संगणक या व्यवस्थेबाहेर होता. प्राचार्यांचा. नंबर सर्व्हरकडून मागून घ्यायचा, ही कल्पना त्यांना रुचली नाही. त्यांनी स्वतःसाठी कायमचा एक नंबर बसवून घेतला.

बिरूअण्णांची आणखी एक रीत होती, आणि ती प्राचार्यांना सलत असे. दर सोमवारी दुपारी साडेचारला ते हातातले काम ठेवून, सायकल काढून निघून जात. ऊन असो, पाऊस असो. कोणी म्हणे पत्त्यांचा अड्डा आहे. आमच्या शिपायाने तर एक बाईही ठरवून टाकली होती. विचारले की बिरूअण्णा म्हणत, "ड्यूटी हाय."

तपासणी समिती आली ती नेमकी सोमवारी. संगणकाची नवी शाखा मिळणार की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर होते, आणि शाखा मिळाली तरच बिरूअण्णांची नोकरी कायम होणार होती. समितीची सारी कागदपत्रे प्राचार्यांच्या संगणकावर होती. ती संगणक कक्षातल्या कोणत्याही संगणकावरून उघडून दाखवायची होती. सव्वाचारला वीज गेली. पाच मिनिटांत आली, पण सर्व्हर उठला नाही.

धावपळ ऐकून मी तेथे गेले. वीसही संगणक एकमेकांना दिसत होते. प्राचार्यांचा दिसत नव्हता.

"तुमचं आपोआप बुडालं!" प्राचार्य घाम पुसत म्हणाले.

"आपोआप न्हाई बुडालं, साहेब. समदी माळावर गोळा झाल्यात. तुमी तेवढं एकटंच जुन्या तळावर बसलाय."

"मग त्यांना माझ्याकडे आणा."

"ईस जणांस्नी आणायचं, का तुमी एकट्यानं यायचं?"

"माझा नंबर बदलणार नाही!"

समितीचे सदस्य सभागृहात चहा घेत होते. भिंतीवरचे घड्याळ साडेचार दाखवत होते. बिरूअण्णांनी घड्याळाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी नजर वळवली. ते मला बाजूला घेऊन गेले.

"म्याडम, एक काम सांगू? कराडच्या यष्टी स्टँडवर जावा. आटपाडीची गाडी लागती त्या फलाटाम्होरं बाक हाय. पाच ते सहा तिथं बसायचं. मी हितनं सुटलो की येतोच."

"कशासाठी?"

"माझा ल्योक." त्यांनी घड्याळाकडे पाठ केली. "सदाशिव. हितं कराडात हॉस्टेलला ठिवला हुता, तवाच सांगून ठिवलं हुतं त्याला. कवाबी चुकामूक झाली तर सोमवारी पाच वाजता त्या बाकावर. मग नापास झाला. मी पलटणीत बोलायची तसली भाषा बोललो. घर सोडून ग्येला. चार वर्सं झाली. उंच हाय. डाव्या भुवईवर खोक हाय, मेंढ्यानं धडक दिल्याली. आला तर एवढंच सांगा, बा येतोय. आन रागावल्याला न्हाई म्हणून सांगा."

मी रिक्षाने गेले. अपरिचित माणसाला वेळ विचारतानाही माझा आवाज फुटत नाही. आणि त्या दिवशी मी तासभर तरुण पुरुषांच्या डाव्या भुवया न्याहाळत बसले होते. एकाने केस नीट केले. एका वाहकाने दोनदा येऊन विचारले, "बाई, कुणाला हुडकताय?" मला सांगता येईना. प्रत्येक गाडी येताना मी उठून उभी राहत होते, जणू काही तो माझाच होता.

सहाला दहा कमी असताना बिरूअण्णा सायकल रेटत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली. ते शेजारी बसले.

"तिकडे काय झाले?" मी विचारले.

"साहेबांनी मारली टिचकी. 'आपोआप'वर. मशीन बंद करून चालू केलं, आन आलं माळावर." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भेटली समदी."

आटपाडीची गाडी भरली, निघाली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही बसून राहिलो.

शाखा मिळाली. बिरूअण्णा कायम झाले. सोमवारची सुट्टी प्राचार्यांनी आपण होऊन लेखी दिली, आणि कागद देताना विचारले म्हणतात, "आणि चुकामूक झाली तर?" यंदा मिरजेला बिरूअण्णांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हाचे तीन सोमवार बाकावर मी बसले. त्यांनी सांगितले नव्हते. आता त्या वाहकाला माझे काम ठाऊक आहे. तोही भुवया पाहतो.

पण एक बाक, एक वाहक आणि मी, एवढी सोय मला अपुरी वाटू लागली आहे. हे लिहिण्याचे कारण इतकेच. बाक अद्याप तेथेच आहे; दर सोमवारी, संध्याकाळी पाच ते सहा. उंच अंगाचा, डाव्या भुवईवर जुनी खोक असलेला, सदाशिव नावाचा कोणी तुमच्या पाहण्यात आहे का?