मोटारीने निवडलेला रस्ता

१.

सन १९३४च्या डिसेंबरात, एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, एक सरकारी मोटार कर्जतहून खालापूरकडे सरळ निघाली आणि दहिवलीपुढच्या माळावर डावीकडे ठमीच्या घरात शिरली. घर म्हणजे कारवीचा कूड आणि वर पेंढा. कूड पडला. मोटारीला काही झाले नाही. पंचनाम्यात नोंद झाली ती अशी : "घर रस्त्याच्या डाव्या बाजूस आढळले."

मोटारीत मागे रस्ते खात्याचे रावसाहेब टिपणीस बसले होते आणि पुढे ड्रायव्हर खलील. ठमी चुलीपुढे बसली होती, ती उठली नाही.

"खलील, दार तिकडं हाय रं," ती म्हणाली.

"मावशी, मी उजवीकडंच वढत होतो. ही ऐकत नाय."

२.

खलील मोटारीखाली गेला आणि हात काळे करून बाहेर आला.

"साहेब, डाव्या स्प्रिंगच्या पाट्याचा बोल्ट तुटलाय. पुढचा आस त्या अंगाला बोटभर मागं सरकलाय. डावा बैल मागं राहिला तर गाडी कुठं जाते? डावीकडंच. तसंच झालंय हे. टायर पण बघा, एकाच कडेनं झिजलाय. एक बोल्ट द्या, दुपारपर्यंत सरळ करतो."

"सरळ करतो म्हणजे?" रावसाहेबांनी खिशातून एक कागद काढला. "मोटार सरळच आहे."

मोटार वरच्या कचेरीतून आली ती दाखल्यासह आली होती. 'सदर मोटार सरळ चालते', आणि खाली मोठ्या साहेबांची सही. मोटार वाकडी म्हणायची तर सही वाकडी म्हणावी लागली असती. रावसाहेब इतके उतावळे नव्हते.

"साहेब, वढून वढून माझा उजवा दंड डाव्याच्या दीडपट झालाय. हे तरी बघा."

"तो तुमचा व्यायाम. त्याचा मोटारीशी संबंध नाही. बोल्टासाठी रीतसर अर्ज करा."

३.

(येथे खलीलचा बोल्टासाठीचा अर्ज होता. तो मंजुरीसाठी वर गेला आहे. परत आल्यावर याच क्रमांकाने लावण्यात येईल.)

४.

मोटार सरळ, तेव्हा रस्ता वाकडा असला पाहिजे. तीन दिवस साखळी टाकून मोजणी झाली. रस्ताही सरळ निघाला.

दोन सरळ गोष्टींचे आपसात जमत नव्हते. मोटारीला हात लावणे हा वरचा अधिकार. रस्ता मात्र रावसाहेबांच्या हातातला. म्हणून रस्ता मोटारीशी जुळवून घ्यावा असे ठरले. किती वळवावा, हा प्रश्न राहिला. तोही रावसाहेबांनी सोडवला.

"खलील, चक्रावरचे हात काढा. मोटारीला तिचे मत मांडू द्या."

"साहेब, पुढं माणसाचं घर हाय."

"म्हणूनच हळू चालवा."

मोटारीमागून शिपाई चांगो चुन्याची पाटी घेऊन रेघ ओढत धावला. मोटार पन्नास पावले रस्त्यावर राहिली, मग तिने मान तिरपी केली, माळ उतरली, पडलेल्या कुडावरून आत गेली आणि चुलीवर थांबली. रेघही तिथेच थांबली.

"सायेब, माझी भाकर चाकाखाली गेली," ठमी म्हणाली.

"भाकर नोंदवून घ्या," रावसाहेब म्हणाले. "रस्ता चुलीपर्यंत आणा. तिथून उजवीकडे ओढून पुन्हा खालापूरच्या वाटेला लावा."

५.

पुढच्या आठवड्यात नोटीस आली. ठमीला वाचता येत नव्हते, म्हणून चांगोनेच ती वाचली. मोटारीने एकच जागा दोनदा निवडली असल्यामुळे तेथील घर पंधरा दिवसांत हलवावे.

"कुठं हलवू?"

"कुठनं हलवायचं तेवढंच लिवलंय."

ठमी तशीच कर्जतला खलीलकडे गेली. तो मोटार पुसत होता.

"तुझा बोल्ट कुठाय रं?"

"मंजुरीला गेलाय."

"केवढा असतो?"

खलीलने करंगळी दाखवली.

"एवढ्यासाठी माझं घर?"

तिने कंबरेचा कोयता काढला. खैराचा तुकडा ती सोबत घेऊनच आली होती. खलीलने पहारीने आस पुढे रेटला, दोरीने आवळला आणि ठमीने तासलेली पाचर हातोड्याने ठोकून बसवली. साहेबांच्या डोळ्यांदेखत मोटार जुन्या रस्त्याने सरळ गेली, की नव्या रस्त्याची गरजच उरणार नव्हती. घर वाचणार होते. हिशोब इतका सरळ होता की दोघांनाही त्यात काही खोट दिसली नाही.

६.

नवा रस्ता ठमीच्या उंबऱ्यापर्यंत झाला. पंधराव्या दिवशी झेंडूचे तोरण लागले. घर पाडायला चार माणसे कुदळी घेऊन उभी राहिली. मोटारीने आपल्या मताने येऊन त्यांना खूण करायची होती.

खलीलने हात सोडले. मोटार निघाली, वळणापाशी आली आणि जुन्या रस्त्याने सुतासारखी सरळ निघून गेली. ठमी खदखदून हसली. कुदळवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"बघा साहेब!" खलील ओरडला. "आता ऱ्हाऊ द्या तिचं घर."

रावसाहेबांचा चेहरा उतरला होता.

"थांबवा! मोटार रस्त्याबाहेर गेली आहे."

"रस्ताच हाय की हा."

"होता. शुक्रवारी नकाशातून खोडला. सरकारी मोटार रस्ता सोडून सरळ चालली, खलील. याचा अर्थ कळतो तुम्हाला?"

मोटारीखाली झडती झाली. पाचर सापडली. तिला लाखेची मोहर लावून वर चिठ्ठी चिकटवण्यात आली : 'मोटारीच्या नैसर्गिक कलात ढवळाढवळ'. खलीलची नोकरी उभ्या उभ्या गेली. पाचर काढल्यावर मोटारीची पुन्हा चाचणी झाली, ती बरोबर उंबऱ्यापाशी आली आणि कुदळी चालल्या.

३. (परत आला)

"बोल्ट बदलण्यास हरकत नाही. नवा बोल्ट सोबत जोडला आहे."

तो घर पडल्याच्या नवव्या दिवशी पोहोचला. लगेच बसवला. मोटार सरळ झाली. आता नव्या ड्रायव्हरला वळणावर चक्र आधी डावीकडे आणि मग उजवीकडे फिरवावे लागे. कचेरीने त्याला 'चालकाचे कौशल्य' असे नाव दिले.

७.

ठमीने नवे घर बांधले ते जुन्या रस्त्याच्या बरोबर मधोमध. नकाशात त्या जागी काहीच नव्हते, त्यामुळे तिला नोटीस देता आली नाही. कुडाला कारवी खलीलने आणून दिली. त्याला तेव्हा भरपूर वेळ होता.

परवा तुम्ही उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने खालापूरला गेलात. दहिवलीपुढे मोकळा माळ लागला. समोर टेकडी नाही, ओढा नाही, झाडसुद्धा नाही, तरी मोटार डावीकडे वळली आणि मग उजवीकडे. तुमचे अंग आधी तिकडे, मग इकडे झुकले. तुम्ही टोपी सावरलीत. मोटारीत अकरा माणसे होती. कोणी काही विचारले नाही.

उजव्या अंगाला दारात दोन बायका उभ्या होत्या. एक ठमी आणि एक तिची सून कोंडी.

"बघ गं, यांची चाकं सरळ हायेत," ठमी म्हणाली.

"मंग वळत्यात कशाला?"

"इचार की त्यांनाच."

कोंडीने हात वर करून मोठ्याने विचारले.

तुम्ही हसलात आणि तुम्हीही हात हलवलात.