मॅडम विणतायत तरी काय?

"या परीक्षेत मी मान वर करणार नाही म्हणजे नाही! हॉलला आग लागली तरी नाही!"

असं चौकशीने होस्टेलच्या जिन्यात उभं राहून जाहीर केलं आणि ऐकणारी सगळी पोरं पोट धरून हसली. हसणारच! चौकशी हे नाव त्याला पहिल्या वर्षीच पडलं होतं, आणि आता खऱ्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून. कुणाच्या खोलीत भांडं पडलं की हा दारात हजर. "काय पडलं? कसं पडलं? भरलेलं होतं की रिकामं?" एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत पडलाय, तोंड आ वासलेलं, तोंडात चिमटा, आणि हा काहीतरी आ-आ-आ करतोय. डॉक्टर घाबरला. दुखलं वाटलं त्याला. चिमटा काढला तर हा म्हणतो, "आधी बाहेर पडले त्या काकांचा कुठला दात काढलात?"

अशा माणसाने परीक्षेत मान खाली घालून बसायचं म्हणजे मांजराने दुधाच्या पातेल्यावर पहारा करण्यासारखंच!

पण या वेळी गोष्ट गळ्याशी आली होती. दर सत्राला स्टॅटिस्टिक्सचा नवा पेपर असायचा, आणि त्याचा तो दोनदा उडाला होता. पहिल्यांदा पुढच्या पोराच्या मानेवर काय गोंदवलंय ते वाचण्यात गेला. दुसऱ्यांदा खिडकीबाहेर, समोरच्या इमारतीत, दोरीला बांधून एक कपाट वर चढवत होते. पोचलं का, हे बघितल्याशिवाय उत्तरं कशी सुचणार? आता तिसऱ्यांदा उडाला तर हिवाळ्याची अख्खी सुट्टी होस्टेलमध्ये. जादा तास, मग फेरपरीक्षा. आणि घरी ताई येणार होती! लग्न होऊन लांबच्या देशात गेलेली ताई, सुट्टीपुरती येणार, बाळाला घेऊन. हा मामा झाला त्याला कित्येक महिने झाले, पण भाची बघितली ती फक्त फोनवर. त्यात ताईला फोन नीट धरता येईल तर शपथ! भाचीचं कपाळ त्याला तोंडपाठ झालं होतं. कपाळाखाली काय आहे याचा पत्ता नव्हता.

"नाक कुणासारखं आहे गं?" तो विचारायचा.

"ये आणि बघ," ताई म्हणायची. "आणि हे बघ, आमची परतीची तिकिटं काढलेली आहेत. तू नापास झालास तर पुढच्या वेळी ती तुला 'अहो काका' म्हणेल."

झालं! मामाच्या काळजाला घरं पडली. म्हणून ती गर्जना.

पहिला पेपर. परीक्षेच्या हॉलमध्ये थंडी अशी, की पोरं पेन धरायच्या आधी बोटांवर फुंकर मारत होती. एका खिडकीची काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला, आणि वारं सुटलं की पुठ्ठा फडफडायचा. चौकशीने त्याच्याकडेसुद्धा बघितलं नाही. मान खाली! कानटोपी दोन्ही बाजूंनी ओढून त्याने घोड्याची झापडं केली होती.

डोळ्यांची सोय झाली हो, पण कानांचं काय?

टिक. टिक. टिक.

घड्याळ? घड्याळ नाही. हॉलमधलं घड्याळ तो आला तेव्हापासून बंद होतं, याची चौकशी त्याने कधीच केलेली होती.

टिक. टिक.

थोडंसंच बघतो, असं म्हणत त्याने मान वर केली. समोरच्या टेबलाशी पहाऱ्यावरच्या मॅडम बसलेल्या. दुसऱ्याच विभागाच्या होत्या, कुणी ओळखत नव्हतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात सुया, मांडीवर लोकरीचा गुंडा. लोकर कसली? पोपटी! इतकी पोपटी, की डोळे मिटले तरी पापणीच्या आतून दिसावी!

मॅडमनी चष्म्यावरून चौकशीकडे बघितलं. चौकशीने मान खाली घातली.

पेपर सुटेपर्यंत मॅडमच्या हातात एक जाडजूड पोपटी नळकांडं तयार झालं होतं. वर गळा.

"स्वेटर असणार," खोलीवर आल्यावर पंडित म्हणाला. पंडित म्हणजे त्याचा खोलीतला सोबती, दरवर्षी पहिला. त्याच्या मताला वजन होतं. "तू अभ्यास कर."

दुसऱ्या पेपरला एक बाही झाली. तिसऱ्याला दुसरी. आता संपलंच की! चौकशीच्या जिवाला थंडावा मिळाला. पण त्याच पेपरात, शेवटच्या घंटेआधी, त्याने उगाच एकदा मान वर केली. मॅडमनी लगेच त्याच्याकडे रोखून बघितलं. मग खाली बघितलं, विणकाम फिरवून फिरवून पाहिलं, आणि सुया परत चालू!

तिसरी बाही!

"तीन बाह्या?" मेसमध्ये पोरांनी चहाचे कप खाली ठेवले. "तीन हात कुणाला असतात?"

"भूमितीतल्या त्रिकोणाला," कोपऱ्यातून एक जण.

"गप रे! मोजायला चुकला असशील तू, चौकशी. स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा उगाच नाही उडालास!"

चौकशी भडकला. "चुकलो? उद्या तूच बघ की!"

आणि इथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं बघायला लागली. मॅडम बिचाऱ्या विणतायत, आणि जरा वेळाने अख्ख्या हॉलच्या माना वर! मॅडम दचकायच्या, सगळ्यांवर नजर फिरवायच्या, मग विणकामाकडे वळायच्या. संध्याकाळपर्यंत चौथी बाही.

"कुत्रा!" पंडितने निकाल दिला. "चार पाय. सरळ आहे."

चौकशी सोडून सगळ्यांना पटलं. पैज लागली. हरणाऱ्याने सुट्टी लागेपर्यंत जिंकणाऱ्याच्या आंघोळीची गरम पाण्याची बादली वर आणून द्यायची. पण पाचव्या पेपराला पाचवी बाही निघाली.

"शेपटी," पंडित म्हणाला. आवाज मात्र जरा खाली आला होता.

"शेपटीला एवढी मोठी बाही?" चौकशी म्हणाला. "कुत्रा आहे की मगर?"

"लांब शेपटीची जात असेल."

"आणि मॅडम कुत्र्याला पोपटी रंग कशाला घालतील? गवतात सापडायचा नाही!"

"अरे, परवा तुझा स्टॅटिस्टिक्स आहे!" पंडित ओरडला. "मामा व्हायचंय ना तुला?"

तेवढं ऐकलं आणि चौकशी पुस्तक उघडून बसला. खोटं कशाला बोला, पोराने अभ्यास केला. मध्य, बहुलक, विचलन, सगळं घोटलं. फक्त दर दोन पानांनी तो खिडकीकडे बघून पुटपुटायचा, "पाच... पाच पायांचं काय असतं?"

स्टॅटिस्टिक्सचा दिवस उजाडला. चौकशीने कानटोपीची झापडं डोळ्यांवरच ओढली, फक्त उत्तरपत्रिकेपुरती फट ठेवली. प्रश्नपत्रिका बघितली. आणि काय सांगू, येत होतं! पहिला प्रश्न गेला. दुसरा गेला. भाचीचं नाक आता हाताच्या अंतरावर आलं.

मागच्या बाकावरून कुणीतरी श्वास रोखून कुजबुजलं, "सहावी!"

संपलं! टोपी मागे, मान वर, चौकशी अर्धा बाकावरून उठलेला. सहावी बाही! बोटभर का होईना, पण सहावी! कोळ्याला थंडी वाजते का? आठ झाल्यावर थांबणार का या?

आणि नेमकं त्याच क्षणी दार उघडलं. तपासणी पथक!

पथक म्हणजे मोठ्या मिशीचे एक साहेब आणि त्यांच्या मागे त्यांची बॅग धरलेला मदतनीस. साहेबांना दिसलं काय, तर एक पोरगा बाकावरून उठून मान लांब करून बघतोय.

"उभा राहा! काय बघत होतास?"

"काही नाही, सर."

"काय बघत होतास?"

चौकशीला ऐन वेळी एकही खोटं सुचेना. "सर... बाह्या मोजत होतो."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांच्या मिशा थरथरल्या. "माझी थट्टा? कसल्या बाह्या?"

चौकशीने मॅडमच्या मांडीकडे बोट दाखवलं. साहेब तिकडे गेले. मॅडमनी गडबडीने विणकाम टेबलाखाली सरकवलं, आणि त्यामुळे तर साहेबांची खात्रीच पटली. त्यांनी ते ओढून वर काढलं. पोपटी धूड टेबलावर पसरलं, सहा दिशांना सहा हात!

साहेबांनी बाह्या एकेक करून मोजल्या. मग हळूच म्हणाले, "अच्छा! म्हणजे कॉप्या या बाह्यांमध्ये लपवायच्या, आणि एकेक बाही एकेका रांगेकडे सोडायची. सहा रांगा, सहा बाह्या!"

"अहो, काहीतरीच काय!" मॅडम म्हणाल्या.

"ते आता कळेल." साहेबांनी एका बाहीत हात घातला. कॉपी नाही. दुसऱ्या बाहीत दुसरा हात. कॉपी नाही. मग आत नीट बघावं म्हणून खालून डोकं घातलं.

घातलं ते घातलंच!

"इथे अंधार आहे," आतून आवाज आला.

"साहेब, बाहेर या," मदतनीस म्हणाला.

"कुठून?"

मदतनीसाने एक बाही धरून ओढली. साहेब गोल फिरले. "अहो, ओढू नका, टाके सुटतील!" म्हणत मॅडमनी दुसरी बाही धरली. साहेब उलटे फिरले आणि खुर्चीवर आपटले.

"ए पोरा, बघतोस काय? धर ती बाही!" मदतनीस ओरडला.

चौकशी धावला. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणीतरी "बघतोस काय" म्हटलं होतं आणि त्याला खरंच बघायचं नव्हतं! घड्याळ बंद, पेपर अर्धा, आणि हा एका मिशीवाल्याला लोकरीतून सोडवतोय. मागे सगळा हॉल चिडीचूप. इतका चिडीचूप, की चौकशीला तेव्हाच संशय यायला हवा होता. एकही पोरगा इकडे बघत नव्हता! सगळ्यांच्या माना पंडितच्या उत्तरपत्रिकेकडे वळलेल्या, आणि पेनं नुसती धावत होती.

"कापा! कात्री आणा!" आतून साहेब.

"खबरदार! माझी अख्ख्या परीक्षेची मेहनत आहे!" बाहेरून मॅडम.

चौकशीला आता रडूच फुटायचं बाकी होतं. तो खेकसला, "सर, गप उभे राहा! डोकं बाहीत घातलंय तुम्ही! गळा डाव्या हाताला आहे. पहिल्या पेपरला झाला तो! हां, खाली वाका... डावीकडे... अजून... आता या वर!"

फट्‌कन साहेब वर आले. केस उभे, मिशीला पोपटी धागे, आणि अंगात तो सहा बाह्यांचा प्रकार. मग साहेबांनी तो हळूहळू उतरवला, घडी घालायचा प्रयत्न केला, जमली नाही, तसाच टेबलावर ठेवला.

"इथे काही झालेलं नाही," ते म्हणाले. "काही म्हणजे काही नाही!" आणि मदतनीसाला घेऊन निघून गेले.

चौकशी बाकाकडे वळला. दोन पावलं गेला. परत आला.

"मॅडम, एक शंका आहे."

"कितवा प्रश्न?"

"पेपरातली नाही." त्याने पोपटी धुडाकडे बोट दाखवलं. "हे आहे काय?"

मॅडम लालबुंद झाल्या. मग इतक्या हळू बोलल्या, की त्यालासुद्धा कान पुढे करावा लागला. "स्वेटर आहे रे. माझ्या नवऱ्याचा. पहिल्यांदाच विणतेय. पण तू मान वर केलीस की मला वाटायचं तू कॉपी करतोयस. मग मी तुझ्यावर डोळा ठेवायचे, आणि खाली बघेपर्यंत कुठली बाही झाली आणि कुठली राहिली तेच विसरायचे. म्हणून परत घालायला घ्यायचे. मग तर सगळाच वर्ग बघायला लागला! आता मला सांग, तू एवढं बघत काय होतास?"

चौकशी कानटोपी सावरत जागेवर जाऊन बसला. आणि नवल म्हणजे, डोकं एकदम मोकळं! टिक-टिक चालू होती, मॅडम जादाच्या बाह्या उसवत होत्या, पुठ्ठा फडफडत होता, पण याला काही म्हणजे काही जाणून घ्यायचं नव्हतं. उरलेल्या वेळात जेवढं लिहिता येईल तेवढं त्याने लिहिलं, आणि घंटा झाली तेव्हा शेवटचे दोन प्रश्न कोरेच राहिले.

त्यानंतरचे दिवस त्याने बांधलेल्या बॅगेवर बसून काढले. ताईचं विमान उतरलं, ताई घरी पोचली, आईचा फोन आला, "बाळ अंगठा चोखतंय बघ!" दिसलं कपाळ.

मग निकाल लागला. हॉलमधल्या सगळ्यांचा पेपर रद्द! एका गावातल्या माणसांचं सरासरी वय काढायचं होतं, आणि सगळ्यांनी, अगदी ओळीने सगळ्यांनी, उत्तर काढलं होतं उणे सात. पंडितच्या हातून घाईत वजाबाकीचं चिन्ह पडलं होतं, ते पुढे, मागे, आजूबाजूला सगळीकडे पोचलं होतं. सुट्टीत जादा तास, मग फेरपरीक्षा, पंडितसकट. एकाच पेपरात गावातली माणसं जन्मलेली निघाली. तो पेपर चौकशीचा होता. काठावर का होईना, पास!

तर आता तो घरी बसलाय. भाची मांडीवर. नाक बघून झालंय, आणि ते आजोबांसारखं आहे. हनुवटी कुणाची यावर आई आणि ताई यांचं सकाळपासून भांडण चालू आहे. तेवढ्यात फोन वाजला. पंडित. मागे अख्ख्या होस्टेलचा गलका.

"चौकशी, शिव्या नंतर घालतो, आधी एक सांग. तू तिथे टेबलाशी होतास. आम्ही कुणी ऐकलं नाही, आम्ही... कामात होतो. इथे जेवण जात नाहीये लेका! ते होतं काय शेवटी?"

"स्वेटर," चौकशी म्हणाला.

मग पंडितचा आवाज आला, दुखावलेला.

"सांगायचं नसेल तर नको सांगूस!"

आणि त्याने फोन आपटला.