सातवीच्या सगळ्या तासांना आजोबा

"या घरात माझ्यापासून काही लपून राहत नाही!" असं आजोबा दिवसातून एकदा तरी म्हणायचे, आणि कोणी ऐकलं नसेल तर पुन्हा म्हणायचे. तसं म्हणायचा त्यांना हक्कही होता. उभा जन्म त्यांनी वीज कंपनीत मीटर तपासण्यात घालवला होता. दारात पाय ठेवला की घरमालक काय विचारतो, यावरून ते वीजचोरी ओळखायचे. पाणी विचारणारा सरळ, चहाचा आग्रह करणारा संशयित, आणि "आता जेवूनच जा" म्हणणाऱ्याच्या घरात तर ते थेट माळ्यावर चढायचे!

अशा या माणसावर त्याच्याच नातीच्या शाळेने अभ्यास सुरू केला, आणि तोही त्याला न सांगता.

झालं असं. नात, जिला घरात सगळे बिट्टी म्हणत, सातवीत होती. तिच्या शाळेत या सत्रात नवीनच टूम निघाली होती. प्रत्येकाने घरातलं एक वडीलधारं माणूस निवडायचं आणि सगळे विषय त्याच माणसावर शिकायचे. विज्ञानात त्याची नाडी, गणितात त्याचा आलेख, भाषेत त्याचं व्यक्तिचित्र, नागरिकशास्त्रात त्याचे हक्क, इतिहासात त्याच्या आयुष्यातली एखादी गाजलेली घटना आणि चित्रकलेत तो अख्खा! वर वर्गशिक्षिकेने बजावलं होतं, "त्यांना शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. कळलं की माणूस फोटोला बसल्यासारखा वागायला लागतो." आजोबांच्या बाबतीत हे तंतोतंत खरं होतं. म्हणून मुलगा, सून आणि आजी, तिघांनीही तोंडाला कुलूप लावायचं कबूल केलं.

सुरुवात विज्ञानाने झाली.

"आजोबा, जरा जिना चढून उतरून या ना."

"कशाला गं?"

"सहज."

नातीचा शब्द मोडायचा कसा? आजोबा जिना चढून उतरून आले. बिट्टीने त्यांचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "पुन्हा एकदा." असं पुन्हा एकदा, पुन्हा एकदा करत शेवटी आजोबा पायरीवरच बसले. बिट्टीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही."

हे 'काही नाही' आजोबांनी नोकरीत हजार वेळा ऐकलं होतं. ज्या घरात 'काही नाही' असायचं, तिथे हमखास काहीतरी निघायचं.

जिन्याचा हा कार्यक्रम मग रोजच सुरू झाला. आजोबांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांचं चालणं मंदावलं. बिट्टी त्यांच्या चालण्याच्या वेगाचा आलेख काढत होती, तोही साहजिकच उतरणीला लागला. एक दिवस आजोबा पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेले, तर आतून बिट्टीचा आवाज आला.

"आई, आजोबांची रेघ रोज खालीच चाललीय गं."

"अगं, हळू! ऐकतील ना ते!" सून म्हणाली.

आजोबा पाणी न पिताच मागे फिरले.

पुढे एका दुपारी त्यांचा जरा डोळा लागला होता, तेवढ्यात पायाला काहीतरी गार लागलं. बघतात तर बिट्टी टेप घेऊन त्यांना टाळूपासून टाचेपर्यंत मोजतेय! चित्रकलेच्या सरांनी प्रमाणबद्ध चित्र काढायला सांगितलं होतं.

"हलू नका ना आजोबा! आडवे असलात की माप नीट घेता येतं."

"माप कशासाठी घेतेयस?"

"नंतर पाय बाहेर येतात मग!"

त्या रात्री जेवताना तिने नागरिकशास्त्र काढलं. "आजोबा, तुमच्यानंतर हे घर कोणाचं?" मुलाला ठसका लागला. आजीने डोळे वटारले. सुनेने विषय बदलायचा म्हणून आजोबांच्या ताटात भात वाढला, आणि नको म्हणत असताना आणखी वाढला. आजोबांना लगेच ते "आता जेवूनच जा" वाले आठवले.

उरलंसुरलं काम भाषेच्या तासाने केलं. बिट्टी बाहेरच्या खोलीत व्यक्तिचित्र लिहीत बसली होती आणि आजोबा दाराआड उभे होते. ऐकायला नव्हे, चप्पल शोधायला. पण ऐकू आलंच.

"बाबा, आजोबांचा शेवट कसा करू?"

"शांतपणे कर," मुलगा म्हणाला. "उगाच लांबवू नकोस."

"शुक्रवारपर्यंत आटपायला पाहिजे पण."

"आटपेल गं! मी आहे ना मदतीला."

आजोबा पलंगावर जाऊन बसले. मागेच त्यांच्या रक्ताची तपासणी झाली होती आणि रिपोर्ट आणायला मुलगा एकटाच गेला होता. "सगळं ठीक आहे" म्हणाला होता. आता सगळे धागे जुळले! आजोबा घाबरले. अगदी मनापासून घाबरले. पण घरच्यांनी आपल्याला दुःख नको म्हणून एवढी लपवाछपवी केली, या विचाराने त्यांना भरूनही आलं. आपल्याला कळलंय हे कोणाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि निरवानिरवीला लागले.

आधी त्यांनी आजीला मीटरच्या पेटीपाशी नेलं. "हे बघ, हा फ्यूज. उद्या उडाला तर घाबरायचं नाही. मी सांगतो कसा बदलायचा ते."

"लग्न झाल्यापासून मीच बदलतेय तो," आजी म्हणाली. "तुम्ही कामावरून दमून यायचात ना!"

मग त्यांनी नोकरीतला आपला लाडका टेस्टर मुलाच्या हातात ठेवला. "आजपासून हा तुझा."

"बाबा, माझ्याकडे दोन आहेत." मुलाने तो परत त्यांच्या खिशात ठेवला.

शेवटी त्यांनी परगावच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. "जमलं तर शुक्रवारी सकाळपर्यंत येऊन जा. जास्त विचारू नकोस." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पलीकडे बहिणीने तिथल्या तिथे रडायला सुरुवात केली.

आता राहिला होता फक्त कात्र्या.

कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक, आजोबांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला सगळं गाव कात्री म्हणायचं, आजोबा कात्र्या. सलूनच्या मागच्या खोलीत दोघांचा बुद्धिबळाचा डाव रोज रंगायचा. एके दिवशी कात्र्याने वजिराला हात लावला आणि पटकन काढून घेतला. आजोबांनी तो डोळ्यांनी बघितला! "हात लावलास, आता हलव," आजोबा म्हणाले. "लावलाच नाही. हरायला लागलास म्हणून कांगावा करतोस," कात्र्या म्हणाला. पट उधळला गेला आणि बोलणंही संपलं. तेव्हापासून आजोबा लांबच्या एका सलूनमध्ये केस कापायला जायचे आणि डोक्यावर पायऱ्या पाडून घेऊन यायचे.

आजोबांना मरणाची भीती होतीच, पण कात्र्याशी अबोला ठेवून मरायची त्याहून जास्त होती. ते सलूनमध्ये शिरले तेव्हा कात्र्या एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता.

"कात्र्या."

ब्रश हवेतच थांबला.

"तू वजिराला हात लावलाच नव्हतास," आजोबा म्हणाले. "मी हरत होतो म्हणून खोटं बोललो. चूक माझी होती."

आपण खोटं बोललो नव्हतो, हे आजोबांना पक्कं माहीत होतं. पण जाणाऱ्या माणसाने उगाच कशाला ताणून धरायचं? तो गेला की खरंखोटं त्याच्यामागे कोण बघतो?

कात्र्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "एवढ्या दिवसांनी... एकदम का रे?"

"माणसाचा काही भरवसा नसतो बाबा."

कात्र्याने गिऱ्हाईक तसंच फेसासकट बाजूला बसवलं, आजोबांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या डोक्यावरच्या सगळ्या पायऱ्या सपाट केल्या. आजोबा हलक्या मनाने घरी आले.

दारातच बिट्टी भेटली. इतिहासासाठी तिने हेच भांडण निवडलं होतं. आजोबांकडून आणि कात्र्याकडून तिने वेगवेगळी हकीकत काढून घेतली होती, पण दोन्हींचा मेळ बसेना म्हणून बाई प्रकल्प स्वीकारत नव्हत्या.

"आजोबा, ती वजिराची गोष्ट पुन्हा सांगा ना. हात कोणी लावला?"

"कोणीच नाही. चूक माझी," आजोबांनी उदारपणे सांगितलं.

"वा! जुळलं!" बिट्टीने टुणकन उडी मारली. "आता पूर्ण गुण!"

लहान आहे, तिला काय कळतंय, असं मनाशी म्हणत आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

शुक्रवार उजाडला. "बाबा, चांगला शर्ट घाला," मुलगा म्हणाला. "आपल्याला जायचंय. कुठे ते विचारू नका." आजोबा शहाण्यासारखे तयार झाले. तेवढ्यात दारात बहीण हजर! तिने बॅग टाकली आणि भावाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"आत्या, झालं काय?" मुलाने विचारलं.

"मला विचारतोस? तुम्हा लोकांना काही लाज?"

उशीर होत होता, म्हणून तिलाही रडतीच गाडीत घातली. वाटेत आजोबांनी आजीचा हात घट्ट धरला.

"सोडा हो," आजी म्हणाली, "किती घाम आलाय तुमच्या हाताला!"

गाडी शाळेच्या दारात थांबली. हॉलमध्ये शिरताच समोर भिंतीवर आजोबांचं भलंमोठं चित्र, डोळे मिटलेलं! बिट्टीने ते आजोबा झोपलेले असतानाच काढलं होतं ना! शेजारी खाली उतरत गेलेली लाल रेघ, आणि समोर ओळीने गंभीर चेहऱ्यांची माणसं. बहिणीने पुन्हा गळा काढला. आजोबांना मात्र आता राग आला.

"अरे, निदान मी जाईपर्यंत तरी थांबायचं होतं!"

"कुठे निघालात आजोबा?" वर्गशिक्षिका म्हणाली. "कार्यक्रम तर आत्ताच सुरू होतोय."

मग एकेक उलगडा झाला. नाडी, रेघ, टेप, घर, शेवट, सगळं. आजोबा मरत नव्हते! पहिल्या रांगेतल्या खुर्चीत ते मटकन बसले. बहीण डोळे पुसून मुलावर रागावली, मुलगा बिट्टीवर, आणि आजी सगळ्यांना हसली.

तेवढ्यात आजोबांचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे गेलं. तिथे इस्त्रीचा शर्ट घालून कात्र्या बसला होता. बिट्टीने त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. आपण त्याच्याकडे काय कबूल करून बसलोय, ते आजोबांना आत्ता आठवलं. आता तर जगायचं होतं, आणि तेही खोटारडा म्हणून!

इतिहासाच्या बाई माईकपाशी आल्या. "या घटनेचे दोन्ही साक्षीदार इथे आहेत. आजोबा, ही कबुली तुम्ही स्वखुशीने दिलीत ना? कारण ती मागे घेतलीत, तर पुरावा बाद होईल आणि बिट्टीला सगळा प्रकल्प पुन्हा करावा लागेल."

आजोबांनी तोंड उघडलं. समोर बिट्टी उभी होती, श्वास रोखून. आजोबांनी एरंडेल गिळावं तसं गिळलं.

"स्वखुशीने," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी पूर्ण गुण जाहीर केले. बिट्टी नाचायला लागली. कात्र्याही जोरजोरात टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता तो आजोबांच्या कानाशी झुकला.

"एक सांगू? वजिराला हात लावला होता मी."

आजोबा ताडकन उभे राहिले. "ऐकलंत? आत्ता हा काय म्हणाला ते ऐकलंत?"

कोणीच ऐकलं नव्हतं. टाळ्या चालू होत्या, पलीकडे बहीण नाक शिंकरत होती आणि कात्र्या छताचा पंखा बघत होता. बिट्टी मात्र धावत आली. तिने कानावरची पेन्सिल काढली आणि बाईंसारखाच चेहरा केला.

"दुसरं कोण होतं ऐकायला, आजोबा? एकाच माणसाच्या सांगण्यावरून आम्ही काही लिहीत नाही."